जुन्या जीप-पिकअपमध्ये डिझेल इंजिन बसवताना स्टेअरिंगचं काय करायचं

आमची पिकअप म्हणजे महिंद्राची लांब चेसिसची जुनी पेट्रोल जीप, मागे हौदा चढवलेली. ऐंशीच्या दशकात काकांनी तिचं पेट्रोल इंजिन उतरवून प्यूजो डिझेल बसवलं आणि आरसीवर तशी नोंदही करून घेतली. ते इंजिन बरीच वर्षं चाललं आणि एका उसाच्या हंगामात बसलं ते बसलंच. मग मी आणि आमच्या मिस्त्रींनी त्याच जातीचं दुसरं इंजिन आणलं. जुन्या फाउंडेशनला (इंजिन ज्यावर बसतं त्या बैठकीला) तडे गेले होते म्हणून नवीन फाउंडेशन केलं, गिअरबॉक्सला सोयीचं पडेल तिथे इंजिन ठेवून वेल्डिंग मारलं, आणि सायलेन्सरचा पाइप जोडायला घेतला. तो थेट स्टेअरिंगच्या दांड्यावर येऊन टेकला.

हा दांडा, म्हणजे कॉलम, हलवायला जागाच नव्हती. फाउंडेशन कापलं, परत केलं. दोन महिने गाडी घोडीवर उभी होती. तेव्हा कळलेली गोष्ट पहिल्यांदाच सांगून टाकतो: अशा कामात इंजिनाची जागा स्टेअरिंगने ठरवायची असते. बहुतेक जण उलट करतात.

इथे लिहिलेलं पुढे अ‍ॅक्सल आणि पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंगा) असलेल्या जुन्या जीपांना आणि त्यांच्या पिकअपना लागू पडतं. पुढे स्वतंत्र सस्पेन्शन असलेल्या गाडीचं गणित वेगळं आहे.

१. कागद आधी, पाना नंतर

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की उत्पादकाने ठरवलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या तपशिलांत फरक पडेल असा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ प्रमाणे असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

म्हणून आरटीओत लेखी अर्ज करा, लेखी उत्तर घ्या, मगच इंजिन विकत घ्या. ‘करून घ्या हो, नंतर बघू’ असं सांगणारे प्रत्येक तालुक्यात भेटतील. अपघात झाल्यावर विमा कंपनीसमोर त्यांतलं कोणी उभं राहत नाही. आमच्या आरसीवर इंधन आधीपासून डिझेल होतं आणि इंजिनही त्याच बनावटीचं, म्हणून प्रश्न नवीन इंजिन नंबरापुरताच होता. पेट्रोलवरून पहिल्यांदाच डिझेलवर जाणार असाल तर परवानगी मिळेलच असं धरून एक रुपयाही खर्चू नका.

हाताशी ठेवायचे कागद:

- मूळ आरसी, चालू विमा, पीयूसी
- इंजिन विकत घेतल्याची पावती, त्यावर इंजिन नंबर
- ते इंजिन ज्या गाडीतून निघालं तिच्या आरसीची प्रत किंवा ती मोडीत काढल्याचा कागद
- चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसा आणि फोटो
- काम सुरू करण्याआधीचे सगळ्या बाजूंचे फोटो

आणखी एक. गाडी पन्नास वर्षांहून जुनी असेल तर थांबा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षं उलटलेल्या, धंद्यासाठी न वापरल्या जाणाऱ्या गाड्यांची व्हिंटेज म्हणून नोंद होते, पण चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात असेल तरच. डिझेल बसवलंत की तो रस्ता बंद. जीपचं मूळ हरिकेन पेट्रोल इंजिन जिवंत असेल तर माझं मत विचाराल तर त्याला हात लावू नका.

२. कोणतं इंजिन, आणि त्याची उजवी बाजू

मूळ हरिकेन पेट्रोल २१९९ सीसीचं. त्याच्या जागी आपल्याकडे वर्षानुवर्षं बसत आलेली डिझेल इंजिनं म्हणजे प्यूजो एक्सडीपी ४.९० (२११२ सीसी, नावातला ९० हा सिलिंडरचा व्यास आहे, मिलिमीटरमध्ये), इंटरनॅशनलचं ट्रॅक्टरवालं बी-२७५ (२३६० सीसी), महिंद्राचं डीआय (२५२३ सीसी) आणि मर्सिडीजच्या ओएम ६१६ वर बेतलेलं मॅटाडोरचं इंजिन.

कोणतं चांगलं यावर चहाच्या टपरीवर तासभर भांडता येतं. स्टेअरिंगच्या दृष्टीने प्रश्न साधा आहे. आपली गाडी उजव्या हाताची, त्यामुळे स्टेअरिंगचा बॉक्स (दांड्याच्या टोकाची गिअरची पेटी) आणि कॉलम उजव्या चेसिसवर. म्हणून इंजिन घ्यायला जाताना टेप सोबत न्या आणि उजव्या अंगाला काय काय आलंय ते बघा: एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, ऑइल फिल्टर, स्टार्टर, डिझेल पंप, फाउंडेशनचा कान. मग खाली वाकून चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) बघा. त्याचा खोल भाग पुढे आहे की मागे? पुढे असेल तर तो अ‍ॅक्सल आणि टायरॉडच्या (चाकं वळवणाऱ्या आडव्या दांडीच्या) डोक्यावर येणार.

पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे इंजिन घेताना मॅनिफोल्ड, चेंबर आणि फाउंडेशनचे कान वेगळे काढून ‘हे नंतर देतो’ म्हणतात. घेऊ नका. ते तीन तुकडेच तर मोजायचे आहेत.

३. आधी जुन्या स्टेअरिंगची झडती

या गाड्यांचा मूळ बॉक्स रॉस जातीचा असतो. आत नागमोडी चर असलेला कॅम, आणि त्या चरीत दोन निमुळत्या खुंट्यांवर फिरणारा लिव्हर. स्टेअरिंगच्या चाकापासून कॅमपर्यंत दांडा एकच, मध्ये कुठेही सांधा नाही. ही गोष्ट डोक्यात पक्की बसवा. वाट अडली म्हणून हा दांडा वळवता येत नाही. शिवाय समोरून धडक बसली तर तोच दांडा भाल्यासारखा छातीकडे येतो.

बॉक्सपासून ड्रॉप आर्म (बॉक्सबाहेरचा हात), तिथून ड्रॅग लिंक (पुढे जाणारी दांडी), मग समोर मध्यभागी बेल क्रँक (खुंटीवर फिरून ढकल वळवणारा तुकडा) आणि त्याच्या दोन्ही बाजूंना टायरॉड. सांधे मोजा. प्रत्येक सांध्यात केसाएवढा प्ले (ढिलाई) धरला तरी चाकावर येईपर्यंत त्याचा तीन बोटं प्ले होतो. लोक बॉक्सला शिव्या घालतात, दोष बहुतेक वेळा बेल क्रँकच्या बुशात असतो.

झडती अशी घ्या. एकाने गाडी जमिनीवर उभी असताना स्टेअरिंगचं चाक हळूहळू डावीउजवीकडे हलवत राहायचं. दुसऱ्याने खाली झोपून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवत जायचं. सांध्याच्या अलीकडचा भाग हलतो आणि पलीकडचा नंतर हलतो, असं बोटाला जिथे जाणवेल तिथे खडूने खूण करा. डोळ्यांपेक्षा बोट जास्त खरं सांगतं. मग पुढची बाजू उचलून पुढचं टायरचं चाक वर-खाली धरून हलवा. खडखड आली तर आधी हब बेअरिंग, मग किंगपिन (ज्यावर चाक डावीउजवीकडे वळतं ती उभी खुंटी). किंगपिनच्या बेअरिंगचा ताण शिमांनी (पत्र्याच्या पातळ चकत्यांनी) बसवतात. टायरॉड सोडून आर्मच्या भोकात तराजूचा काटा अडकवून ओढा. मूळ पुढच्या अ‍ॅक्सलवर, ऑइल सील काढलेलं असताना, सर्व्हिस पुस्तकात दिलेल्या ताणाला वळलं पाहिजे. बोटाने सहज फिरत असेल तर शिम कमी करायला हवेत. हाच ढिलेपणा पुढे वेग घेतल्यावर चाकं थडथडायला लावतो. आमच्याकडे त्याला वॉब्लिंग म्हणतात, आणि ते एकदा अनुभवलेला माणूस परत किंगपिनकडे दुर्लक्ष करत नाही.

रॉस बॉक्स आवळताना एक हमखास चूक होते. बाजूच्या झाकणावरचा अ‍ॅडजस्टिंग स्क्रू नेहमी चाकं सरळ असतानाच आवळायचा. कॅमची चर मध्यभागी घट्ट असते, टोकांना सैल. चाक वळवलेलं असताना प्ले काढायला गेलात तर मध्यभागी बॉक्स आवळून धरेल आणि वळणानंतर स्टेअरिंग परत येणारच नाही.

हे सगळं इंजिन बसवण्याआधी का? डिझेल इंजिनाचं जादा वजन पुढच्या अ‍ॅक्सलवर आलं की हाच झिजलेला माल दुप्पट वेगाने मरतो. आणि पॉवर स्टेअरिंग लावून तो लपवला तर तो मरताना कळतही नाही.

४. सामान आणि हत्यारं

ओळंबा, स्टीलची टेप, गुण्या, खडू, दोरी. चार भक्कम घोड्या. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली कोणी जायचं नाही. ड्रॉप आर्म ओढायचा पुलर. टायरॉड एंड काढायचा वेगळा पुलर. हातोड्याने ठोकून काढलात तर आटे जातात. टॉर्क पाना. नव्या स्प्लिट पिनांचं पाकीट, कारण जुनी पिन सरळ करून परत घालायची नसते. आणि एक चांगला लेथवाला. ‘चांगला’ म्हणजे टेपर (भोकाचा निमुळता उतार) मोजून काढणारा. अंदाजाने काढणारा नको.

५. इंजिन नुसतं ठेवून बघा

हाच टप्पा आम्ही गाळला होता.

पेट्रोल इंजिन काढल्यावर पुढचे पाटे वर उचलले जातात. त्या उंचीवर माप घेतलं तर सगळं चुकतं. म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्स खऱ्या जागी लाकडाच्या ठोकळ्यांवर ठेवा, रेडिएटर-बॅटरीच्या वजनाइतकी वाळूची पोती पुढे टाका, गाडी चाकांवर उभी करा आणि मग मोजा.

डॅशबोर्डपासून बॉक्सच्या तोंडापर्यंत दोरी ताणा. त्या दोरीभोवती चहूबाजूंनी निदान एक इंच जागा मोकळी हवी, एक्झॉस्टच्या बाजूला दोन इंच आणि मध्ये पत्र्याचा आडोसा. डिझेल इंजिन सुरू होताना आणि बंद होताना रबरांवर चांगलंच डोलतं. गॅरेजमध्ये थंड उभ्या इंजिनाला अर्धा इंच पुरेसा वाटतो. चढावर पहिल्या गिअरमध्ये तोच अर्धा इंच संपतो.

मग अ‍ॅक्सलखाली जॅक लावून बंप रबर टेकेपर्यंत उचला. चेंबर आणि टायरॉडमध्ये काय उरलं? तशाच स्थितीत चाकं एकदा पूर्ण डावीकडे आणि एकदा पूर्ण उजवीकडे वळवून बघा. हा त्रास घेतला नाही तर पहिल्या मोठ्या खड्ड्यात टायरॉड चेंबरवर आपटतो आणि सगळं ऑइल रस्त्यावर.

अडत असेल तर इंजिन अर्धा-पाऊण इंच डावीकडे सरकवून बघा. गिअरबॉक्सही सोबत सरकतो, म्हणून प्रॉपेलर शाफ्टच्या क्रॉसचे (वाकणाऱ्या सांध्याचे) कोन परत तपासा. एवढं झाल्यावरच फाउंडेशनला टाके मारा. पक्कं वेल्डिंग अजून नको.

६. बॉक्स: ठेवायचा की बदलायचा

इंजिन बसतंय, दोरी मोकळी आहे, टायर मूळ मापाचे अरुंद आहेत, गाडी शेतात आणि गावापुरतीच फिरते. असं असेल तर रॉस बॉक्स नीट बांधून तोच वापरा. स्वस्त आणि खात्रीचं काम.

वाट अडतच असेल तर बॉक्स बदलणं भाग आहे, कारण मधे क्रॉस घालता येईल असा वेगळा शाफ्ट हवा. नंतरच्या जीपांना आलेला रिसर्क्युलेटिंग बॉलचा बॉक्स हा शहाणा पर्याय. आत गोळ्या फिरतात म्हणून घर्षण कमी आणि हाताला हलका. त्याचाच पॉवरवाला भाऊ रुंद टायरांसाठी आणि जड इंजिनासाठी.

बॉक्स घेताना तीन गोष्टी बघा.

पहिली, दिशा. बॉक्स मूळ गाडीत चेसिसच्या आतून होता की बाहेरून, ड्रॉप आर्म खाली लोंबत होता की वर, आणि तो पुढे-मागे ढकलतो की आडवा? बॉक्स उलटा-सुलटा करून बसवला तर चाक डावीकडे फिरवल्यावर गाडी उजवीकडे जाते. हसू नका, मी हे डोळ्यांनी पाहिलंय, आणि ते वेल्डिंग करून झाल्यावर लक्षात आलं होतं. बॉक्स हातात धरून, दांडा फिरवून, आर्म कुठे जातो ते चेसिसपाशीच बघा.

दुसरी, टेपर. मूळ जीपच्या ड्रॅग लिंकच्या नळीत स्प्रिंग आणि वाट्या असतात, ड्रॉप आर्मचा गोळा त्यात बसतो. नव्या बॉक्सच्या आर्मला टेपरचं भोक असतं, म्हणजे ड्रॅग लिंकही टायरॉड एंडवाली करावी लागते. त्या एंडचा टेपर भोकाशी तंतोतंत जुळला पाहिजे. जुळत नाही म्हणून खाली वायसर घालून नट आवळणं म्हणजे आत्महत्या. लेथवर रीमरने भोक दुरुस्त होतं.

तिसरी, ड्रॉप आर्म त्याच बॉक्सचा घ्या. स्प्लाइन (दांड्यावरचे उभे दाते) दिसायला सारख्या असतात, बसायला नसतात.

ड्रॉप आर्म, स्टेअरिंग आर्म आणि ड्रॅग लिंक यांना गॅस लावून वाकवायचं नाही, कापून जोडायचं नाही, वेल्डिंग करायचं नाही. घडीव लोखंड तापवलं की त्याचा पीळ जातो. लांबी जुळत नसेल तर अखंड जाड नळीला आतून आटे काढून नवी ड्रॅग लिंक बनवून घ्या.

७. बॉक्स चेसिसला बांधणं

पॉवर बॉक्स चेसिसला किती जोराने मुरगळतो याची कल्पना गाडी उभी असताना चाक फिरवून बघितल्याशिवाय येत नाही. जुनं चेसिस पत्र्याचं, त्यात गंज. नुसते चार बोल्ट आरपार घातले तर पत्रा आत दबतो, बोल्ट सैल पडतात आणि भोकांपासून तडा सुरू होतो.

त्यासाठी चेसिसच्या आरपार जाड नळ्या घाला, दोन्ही बाजूंनी वेल्ड करा आणि बोल्ट त्या नळ्यांमधून न्या. बाहेरून पाव इंची पट्टी, तिचे कोपरे गोल. चेसिसच्या दोन बाजू जोडणारा आडवा पाइप बॉक्सच्या जवळ द्या. बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचे. हे एकच वेल्डिंग पात्र कारागिराकडून करून घ्या, भाऊबंद म्हणून शेजाऱ्याकडून नको.

बॉक्स बसवण्याआधी त्याचा मध्य काढा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत किती फेरे होतात ते मोजून निम्म्यावर आणा, चाकं सरळ ठेवा, तेव्हाच ड्रॉप आर्म आणि ड्रॅग लिंक जोडा. नंतर स्टेअरिंगचं चाक सरळ दिसावं म्हणून ड्रॅग लिंक कमी-जास्त करून बॉक्सचा मध्य हलवणारे खूप आहेत. चाक सरळ करायचं असेल तर चाकच काढून स्प्लाइनवर फिरवून बसवा.

आणि वळणाच्या शेवटी थांबवायचं काम अ‍ॅक्सलवरच्या स्टॉपर बोल्टचं आहे. बॉक्स आतून टोकाला पोचण्याआधी तो बोल्ट टेकला पाहिजे.

८. मधला शाफ्ट आणि क्रॉस

एका क्रॉसला तीस अंशांपर्यंतचा वाक ठीक, पस्तीस म्हणजे टोक. त्याहून जास्त वळण असेल तर दोन क्रॉस घालून वाक वाटून घ्या. दोन क्रॉस असतील तर दोन्हींची फोर्क एकाच रेषेत हवी, नाहीतर स्टेअरिंग एका जागी जड आणि पुढे हलकं असं झटके देत फिरतं. तीन क्रॉस घालायची वेळ आली तर मधल्या शाफ्टला चेसिसवरून बेअरिंगचा आधार द्यावाच लागतो. तीन सांध्यांचा दांडा आधाराशिवाय दोरीसारखा कुठेही वाकतो.

स्प्लाइन असलेलेच जोड घ्या. आवळायच्या स्क्रूसाठी शाफ्टवर खड्डा पाडा, म्हणजे स्क्रूचं टोक त्यात रुतेल; वरून लॉकनट आणि आटे पकडणारं द्रव. गोल शाफ्टवर गोल नळी घालून वेल्ड केलेला जोड कुठल्याही किमतीला नको. शक्य असेल तर कॉलमही धडकेत आत जाणारा, नव्या गाडीचा बसवा. बॉक्स बदलतोच आहोत तर जुना भाला तरी कशाला ठेवायचा?

९. पंप आणि पाइप (पॉवर असेल तरच)

पंपाची पुली आणि क्रँकची पुली एका रेषेत, सरळ पट्टी लावून बघा. दाबाचा पाइप सत्तर ते शंभर बारपर्यंतचा दाब सोसतो, तो पॉवर स्टेअरिंगसाठीच बनवलेला हवा. डिझेलचा रबरी पाइप क्लिप मारून चालत नाही. परतीच्या पाइपला दाब कमी. दोन्ही एक्झॉस्टपासून लांब ठेवा, गळालेलं तेल तापलेल्या मॅनिफोल्डवर पेटतं.

हवा काढताना पुढची चाकं अधांतरी, इंजिन बंद, टाकी भरत टोकापासून टोकापर्यंत वीसेक वेळा हळू फिरवा. फेस थांबला की इंजिन सुरू करा. टोकाला धरून ठेवू नका, पंप ओरडतो तो उगीच नाही.

बेल्ट तुटला की हेच स्टेअरिंग जुन्या जीपपेक्षा जड होतं. इंजिन बंद करून मैदानात एकदा फिरवून बघा, घरातल्या जो कोणी गाडी चालवतो त्या प्रत्येकाला बघायला लावा.

१०. पाटे, कॅस्टर, टो-इन

पुढे वजन वाढलं की नाक खाली जातं आणि कॅस्टर (किंगपिनचा मागे झुकाव) कमी होतो. मूळ जीपला कॅस्टर ३ अंश, कॅम्बर (चाकाचा बाहेर झुकाव) दीड अंश. किंगपिनचं वरचं टोक मागे झुकलेलं असतं, त्यामुळेच वळणानंतर स्टेअरिंग आपोआप परत येतं. पाटे बसलेले असतील तर आधी ते कमानवाल्याकडून भरून घ्या. तरी कमी पडलं तर पाटा आणि अ‍ॅक्सलमध्ये उताराचं पाचर. दोन्ही बाजूंना एकाच मापाचं.

टो-इन (चाकं पुढच्या अंगाला किंचित आत वळलेली असणं) घरी मोजता येतो. चाक उचलून फिरवा, टायरच्या मध्यावर खिळ्याने बारीक रेघ ओढा. गाडी खाली घ्या, थोडी पुढे ढकला, आणि अ‍ॅक्सलच्या उंचीवर दोन रेघांमधलं अंतर पुढून आणि मागून मोजा. पुढचं अंतर १.२ ते २.४ मिलिमीटर कमी हवं.

११. पहिली धाव

स्प्लिट पिना एका माणसाने घालायच्या, दुसऱ्याने मोजायच्या. आमच्या मिस्त्रींनी प्रत्येक पिनेवर पिवळा रंग लावला होता. लांबूनही कळतं कुठली राहिली.

आधी शेतात, पायी चालण्याच्या वेगाने, दोन्हीकडे पूर्ण वळवून. मग मोकळ्या रस्त्यावर तीस, मग पन्नास. ब्रेक मारल्यावर एका बाजूला ओढते का? खड्ड्यावरून जाताना चाक हातात आपोआप फिरतं का? फिरत असेल तर ड्रॅग लिंकचा कोन चुकलाय. त्यानंतर हौदा भरून हेच सगळं परत करा. मागे वजन पडलं की नाक उचलतं, पुढची पकड कमी होते, आणि रिकामी असताना गुणी वागलेली गाडी भरल्यावर वेगळंच बोलते.

शंभर किलोमीटरवर बॉक्सचे बोल्ट टॉर्क पान्याने परत बघा, पाचशेवर पुन्हा, आणि तेव्हाच वेल्डिंगच्या कडांना घासलेट लावा, पुसून कोरडं करा आणि त्यावर खडू फासा. तडा असेल तर रेघ ओली दिसते. आम्हाला पाचशेवर एक बोल्ट पाव फेरा सैल सापडला. तो आवळला, परत पाचशे चालवली, परत बघितला, आणि मगच गाडी कुंभार्ली घाटात घातली.